शेपटीवाले सरकटे

"तेवीसशे पन्नास, तेवीसशे त्रेचाळीस, तेवीसशे एकोणसत्तर, तेवीसशे पंचवीस, तेवीसशे बावन्न!"

सकाळी मी दुकानाचं शटर वर करत असताना रस्त्यापलीकडून ही आरोळी येते आणि नवख्या माणसाला वाटतं, मक्याचा लिलाव सुरू झाला. अमडापूरचा एक व्यापारी तर एकदा गाडी थांबवून म्हणाला, "चोवीसशे देतो, माल दाखवा." माल म्हणजे मी. ती मला मारलेली हाक असते. माझं नाव मधुकर. म, ध, धचा उकार, क आणि र, असे माझ्या नावाचे पाच तुकडे आणि त्यांचे हे पाच आकडे. हाक मारणारे गृहस्थ म्हणजे मनोहर सरकटे.

जानेफळात माझं बी-बियाण्याचं दुकान आहे आणि बरोबर समोर सरकट्यांचं टायपिंग-झेरॉक्सचं. पंधरा वर्षं मी त्यांच्यासमोर बसतो आहे. यातलं एक अक्षर खोटं सांगत असेन तर माझ्या दुकानातलं बियाणं उगवू नये. तसं ते एरवीही... असो.

सरकटे बासष्टीचे. अंगाने इतके सडपातळ की पंखा दोनवर केला तर टेबल धरून बसतात. गावच्या वाचनालयाची वेबसाइट तेच चालवतात. साइट म्हणजे एकच लांबच लांब पान. त्यात एसटीच्या वेळा, वीज कधी जाणार, कोणाचं लग्न, कोणाचं तेरावं, बाजारात काय भाव, सगळं. दर गुरुवारी नवं पान. आणि हे सगळं पान सरकटे हाताने लिहितात, तेही अक्षरांत नाही, आकड्यांत.

त्याचं असं आहे. मराठी अक्षर दुसऱ्याच्या मशीनवर पाठवायचे दोन रस्ते. एक, सरळ अक्षर टाइप करायचं आणि समोरचं मशीन ते ओळखेल अशी आशा ठेवायची. दुसरा, त्या अक्षराला जगभर जो नंबर ठरलेला आहे तो लिहायचा. मग मशीन कुठलंही असो, ब्राउझर कुठलाही असो, तिथे तेच अक्षर उमटतं. सरकटे आशेवर जगणाऱ्यांतले नाहीत. आधी एक वेटोळं, मग जाळी, मग आकडा आणि शेवटी अर्धविराम: म झाला एक म. त्या अर्धविरामाला ते शेपटी म्हणतात. त्यांचा सगळा जीव त्या शेपटीत.

"शेपटी लावली का?" हा त्यांचा जगाला एकच प्रश्न. मी गाडीचा स्टँड लावला की विचारतात. वहिनींनी वरणाला फोडणी दिली की विचारतात. एकदा मयतीहून परतताना खांदेकऱ्याला विचारलं.

"सरकटेभाऊ," मी एकदा म्हणालो, "नाही लावली शेपटी तर काय होतं? माझ्या फोनवर तर दिसतं सगळं."

"तुमचा फोन समजूतदार हाय," ते म्हणाले. "मानसानं अर्धं बोललं तरी पुरं समजून घेते. सारेच तसे नसतेत ना भाऊ! पंगतीत बारा जन बसले. अकरा जन काईबी खातेत. बाराव्याले वांगं चालत नाई. तं सैपाक कोनाले धरून करा लागते?"

"बाराव्याला."

"हाव! आपलं पान बाराव्यासाठी हाय."

त्यांच्या नातीच्या नामकरणाला पाळण्यावरच्या पाटीवर त्यांनी नाव आकड्यांत लिहिलं. शेजारच्या बाईने तो मोबाइल नंबर समजून फोन लावला. लागलाही म्हणतात. पलीकडून कोणीतरी "अभिनंदन" म्हणालं.

पान लिहून झालं की बुधवारी तपासणी. एकाच मशीनवर दिसलं म्हणजे दिसलं, हे त्यांना मान्य नाही. ते गावात फिरतात आणि समोर येईल त्याचा फोन मागतात. न्हाव्याचा काच फुटलेला फोन, पोस्टातला जुना कॉम्प्युटर, मुख्याध्यापिकाबाईंचा टॅब, पंक्चरवाल्याचा ऑइल प्यालेला डबडा. प्रत्येकावर पान उघडायचं, वरपासून खालपर्यंत वाचायचं आणि कुठे एक काना जरी हलला तर घरी जाऊन पुन्हा लिहायचं. बुधवारी गावात लोक फोन खिशात नाही, चपलेत ठेवतात. न्हावी तर गिऱ्हाइकाची अर्धी दाढी टाकून मागच्या दाराने पळतो. आमच्या गावात अर्ध्या दाढीची माणसं दिसली की ओळखावं, आज बुधवार.

एकदा दुसरबीडहून आलेली वरात रस्त्यात अडवली. सनईवाल्याचा फोन वेगळ्या जातीचा आहे असं त्यांच्या कानावर आलं होतं. सनईवाल्याने एका हाताने सनई वाजवत दुसऱ्या हाताने फोन दिला. पान तपासून होईपर्यंत नवरदेव घोड्यावर उन्हात. लग्न लागलं तेव्हा मुहूर्त टळून गेलेला, पण पान नवरदेवाच्या घोड्यावरही दिसेल असं निघालं.

मी त्यांना हसायचो. ते एका वर्षी बंद झालं.

सरकटे तेव्हा परगावी कोणाच्याशा लग्नाला गेले होते आणि दुकानाची चावी माझ्याकडे. मला वाटलं, आपल्या बियाण्याची जाहिरात आपणच टाकावी, त्यात काय एवढं. मी झोकात लिहिलं, की सर्व बियाणे एमआरपीपेक्षा कमी दरात, उगवण न झाल्यास बदलून मिळेल, भेसळ दाखवणाऱ्यास बक्षीस. 'पेक्षा कमी' लिहायला जागा कशाला घालवायची म्हणून शाळेतलं कमी-जास्तचं चिन्ह टाकलं, तोंड उघडलेलं, आणि त्याला चिकटून इंग्रजीत एमआरपी. आता त्या चिन्हाचा ब्राउझर वेगळाच अर्थ घेतो. त्याला वाटतं, ही मला दिलेली आज्ञा आहे, लोकांना दाखवायची नाही. त्याने माझी सगळी जाहिरात गिळली. पानावर एवढंच उरलं: 'सर्व बियाणे'.

आठ दिवस लोक येत होते. "मधुकरभाऊ, सर्व बियाणे काय? संपलं का?" "मेलं का?" "का तुमीच खाल्लं?"

सरकटे आले, बसले आणि कळफलकावर चार बोटं मारली. "वेटोळं, एल, टी, शेपटी." जाहिरात पोटातून बाहेर आली. मला म्हणाले, "आता बक्षिसाचं वाक्य काढू का ठेवू?"

मी ते काढायला लावलं.

तर असा सगळा थाट सुखाने चालला होता. मग वाचनालयाचे अध्यक्ष बापूसाहेब, त्यांच्या सूनबाई प्राजक्ता पुण्याहून इथे राहायला आल्या. मोठ्या कंपनीचं काम घरी बसून करतात. हुशार, आणि वर नम्र. हुशार माणूस नम्र असला की त्याच्याशी भांडताही येत नाही. वाचनालयाच्या बैठकीत त्यांनी नवी साइट दाखवली. फोटो सरकत होते, बटणं चमकत होती. सगळे सभासद गुळाच्या ढेपेकडे पाहावं तसे पाहत होते. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून नवी साइट चालू, जुनं पान बंद, असं ठरलं.

सरकटे कोपऱ्यात बसले होते. मी वाट पाहत होतो, आता स्फोट होणार, खुर्च्या उडणार.

"काका," प्राजक्ता म्हणाली, "तुमचं काम बघितलं मी. एक चूक सापडली नाही. पण आता मराठी सरळ लिहिलं तरी सगळीकडे दिसतं. ते वेटोळं, ती कंसाची चिन्हं, तेवढी दोन-चार सांभाळली की पुरे. अक्षरं आकड्यांत लिहायची गरज संपली."

"मले माईत हाय," सरकटे म्हणाले.

"मग?"

"तुमचं नवं पान जुन्या मशीनवर उघडंन का?"

"किती जुन्या?"

"लय जुन्या."

पानावर कोण आलं, कुठल्या मशीनवरून आणि कधी, याची नोंद सर्व्हर आपोआप ठेवत असतो. प्राजक्ताने तिथेच लॅपटॉपवर ती काढली आणि खाली सरकवत गेली. सगळे फोन नव्या जातीचे. मग थांबली.

"हे कोण? वीसेक वर्षांपूर्वीचा ब्राउझर आहे हा. भुसावळकडून येतो. दर गुरुवारी, सकाळी दहाच्या सुमारास, एकदा. नाही काका, याला नाही उघडणार. नवी साइट कुलुपाची आहे, मजकूर गुप्त करून पाठवणारी. इतक्या जुन्या मशीनला ते कुलूप काढता येत नाही."

"तं मंग राहू द्या ना जुनं पान."

"एकासाठी? आणि खरं सांगू? हा माणूसही नसेल. बॉट असेल."

"थे काय असते?"

"आपोआप फिरणारा प्रोग्राम. ठरलेल्या वेळी येतो, पान चाळतो, जातो. पुष्कळदा असले बॉट जुन्या ब्राउझरचं सोंग घेतात."

पुढे पोहे आले. सरकट्यांनी पोह्यांना नाही म्हटलेलं मी पंधरा वर्षांत प्रथम पाहिलं. मी माझे आणि त्यांचे संपवले आणि त्यांना घरी सोडायला गेलो.

घरी ते सरळ आतल्या खोलीत गेले. शोभावहिनींनी पाणी आणलं आणि मला खुणेने ओसरीवर बसवलं.

"काय झालं भाऊजी?"

मी सांगितलं. भुसावळ म्हणताच त्यांनी पदराने कपाळ पुसलं.

"थे हमीदभाई हायेत," त्या म्हणाल्या.

सरकटे आधी मेहकरला छापखान्यात कंपोझिटर होते, हे मला ठाऊक होतं. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे. हमीदभाई त्यांचे जोडीदार. खिळ्यांच्या एकाच खानेदार पेटीसमोर दोघं उभे, एकाच डब्यातली भाकर, बावीस वर्षं. छापखान्यात पुढे कॉम्प्युटर आला तोही दोघांनी मिळून शिकला, एकाने माऊस धरायचा आणि दुसऱ्याने बटणं दाबायची. मग मध्येच हे भुसावळ कुठून आलं?

"आमच्या विशाखाचं लगन ठरलं," वहिनी सांगू लागल्या. "हमीदभाई म्हने, पत्रिका कॉम्प्युटरवर नाई, खिळ्यावर. पोरगी माही हाय, मी जुळोतो. तीन दिवस बसले. कोनाले हात लावू देल्ला नाई. अन् मंग यायनं त्याच्यावर भिंग धरलं. म्हने, विशाखाच्या नावातल्या येका खिळ्याची कड उडाली. चार मानसं उभे होते. त्यायच्या समोर सारा जुळोलेला फर्मा उलटा करून देल्ला यायनं. खिळे फरशीवर."

"आणि हमीदभाई?"

"खाली बसले. येक येक खिळा येचला, ज्याच्या त्याच्या खान्यात ठेवला. हात धुतले अन् गेले. लग्नाले आले, पन जेवले नाई."

त्याच वर्षी छापखाना बंद झाला. मालकाने निरोपाला जुना कॉम्प्युटर हमीदभाईंना दिला. ते लेकीकडे भुसावळला गेले. तेव्हापासून दोघांचं एक शब्द बोलणं नाही.

मी आत गेलो. सरकटे खाटेवर बसले होते.

"मशीन त्याचंच हाय," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "त्याच्यावर ब्राउझर म्या टाकला होता. नोंदीतली त्याची खून मले पाठ हाय. नऊ वर्सं झाले, दर गुरुवारी येऊन राह्यला. मले वाटे, पाहून राह्यला. आपलं गाव, आपलं काम. आता थे पोरगी म्हनते, कोनीच नाई."

"मग फोन करा ना. नंबर नाही?"

"हाय."

"मग?"

"फोनवर मानूस आधी विचारते, कोन. मी काय सांगू, कोन?"

माझ्यापाशी प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरं असतात आणि त्यातली दोन खोटी. या वेळी तिन्ही गिळून मी वहिनींनी आणलेलं पाणी त्यांच्यापुढे सरकवलं.

महिना संपायला एकच गुरुवार उरला होता. बुधवारी सकाळी सरकट्यांनी आरोळी मारली नाही. दुपारपर्यंत ते दुकानात पाठमोरे बसून होते. मग ते तपासणीला निघाले, आणि काय लिहिलंय ते पाहायला मी मागोमाग. एसटीच्या वेळा आणि बाजारभावाच्या मध्ये चार ओळी होत्या:

'हमीदभाई, विशाखाच्या पत्रिकेचा फर्मा बरोबर होता. खिळ्याची कड उडालेली नव्हती. माझ्या भिंगाच्या काचेला टवका होता. मला ते पुढच्या वर्षी कळलं. मनोहर.'

न्हाव्याने ते वाचलं आणि फोन परत घेताना स्वतःच्या सदऱ्याला पुसला. पोस्टमास्तरांनी वाचलं. पंक्चरवाल्याने आधी हात धुतले आणि मग वाचलं. त्या बुधवारी गावात एकाचीही दाढी अर्धी राहिली नाही. कोणी पळालंच नाही. आणि आमच्या गावात कोणी कोणाची थट्टा करायची संधी सोडली, असं मी माझ्या हयातीत पाहिलेलं नाही, पण त्या दिवशी सोडली.

गुरुवारी सकाळी नऊपासून सरकटे वाचनालयात प्राजक्तासमोर जाऊन बसले. मी आपला दुकान उघडं टाकून. तिला काय चाललंय ते बापूसाहेबांकडून कळलं होतं. तिने लॅपटॉप टेबलावर मध्ये ठेवला, नोंदींचं पान उघडलं आणि चहा मागवला.

दहा वाजून आठ मिनिटांनी भुसावळची ओळ उमटली.

"आला," सरकटे म्हणाले.

"एकदाच आलाय, काका," प्राजक्ता हळूच म्हणाली. "नेहमीसारखा."

साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. ओळ एकच. बाहेर भाजीबाजार भरला होता, मिरचीवाली ओरडत होती. सरकटे टेबलाच्या कडेवर नख घासत होते. मी विनोद करायला तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा चहा प्यालो.

"बॉटच असंन," ते शेवटी म्हणाले आणि उठले. चप्पल पायात घातली.

"काका, थांबा."

दुसरी ओळ आली होती. तेच मशीन, तेच पान. ते उभेच राहिले. पाच मिनिटांनी तिसरी. मग लगोलग दोन. दुपारी मी दुकानात जाऊन एक डझन गिऱ्हाइकं परत पाठवली आणि पुन्हा आलो तेव्हा ओळी आठ झाल्या होत्या. चार वाजता मोजल्या, अकरा.

"बॉट असं करत नाही," प्राजक्ता म्हणाली. "आणि हे पान मी बंद करत नाहीये. नव्या साइटच्या शेजारी राहील. बापूंना मी सांगते."

सरकट्यांनी मान हलवली. ऐकलं की नाही कोण जाणे.

"अकरा वेळा?" मी म्हणालो.

"कंपोझिटर हाय तो," सरकटे म्हणाले. "पयल्या वाचनावर इश्वास नाई ठेवत."

तेवढ्यात माझ्या मनात आलं, की मशीन वीस वर्षांचं. नेट भुसावळचं. पान अर्ध्यावर अडकलं असेल, बिचाऱ्याला, किंवा त्याच्या नातवंडांपैकी कोणाला, अकरा वेळा बटण दाबावं लागलं असेल. शंका रास्त होती. मी बोलायला तोंड उघडलं आणि पाहिलं, तर प्राजक्ता माझ्याचकडे बघत होती. तिलाही तेच सुचलं असावं.

सरकट्यांनी चष्मा कपाळावर चढवला होता आणि त्या अकरा ओळींवरून ते बोट खाली नेत होते, एकेका ओळीपाशी थांबत.

मी तोंड मिटलं. प्राजक्ताने लॅपटॉप त्यांच्याकडे आणखी थोडा वळवला.